ओल्या मातीचा हिशेब

सकाळी 6.30. आम्लाने धुतलेल्या बाटल्या, बर्फाची पेटी, प्लास्टिकची खोरी गाडीत ठेवतो. लोखंडी फावडं घेत नाही. लोह मोजायचं, तर मातीला लोखंड लागायला नको.

8.00. गोव्याचा सत्तरी तालुका. सरदीचं भात पोटरीला आलंय. शेताच्या वरच्या अंगाला खाणीतल्या टाकाऊ मातीचे डोंगर आहेत. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द केली, खाणी थांबल्या. डोंगर मात्र जागेवरच राहिले आणि पावसाळ्यात त्यांचा बारीक गाळ ओहोळातून कुणग्यांत उतरत राहिला. भाताच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके दिसतात. लोह जास्त झालं की पानं अशी होतात.

खरं काम इथेच आहे. कुणग्यात पाणी साचलं की मातीतला प्राणवायू संपतो आणि एरवी घट्ट बसलेलं मँगनीज नि लोह पाण्यात विरघळू लागतं. रोपाची मुळं तेच पितात. हीच माती पिशवीत भरून नेली आणि वाळवली, तर हवा लागून ते पुन्हा घट्ट होतं. म्हणून चिखलातलं पाणी मी बांधावरच उपसतो, 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून काढतो आणि त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकतो. नुसत्या वाळल्या मातीवर लिहिलेले अहवाल वाचले की मला राग येतो. भात काही वाळल्या मातीत उगवत नाही.

11.00. खाणीचा गाळ न पोचलेल्या वरच्या शेतातली माती. इथल्या जांभ्या जमिनीत लोह मुळातच भरपूर असतं. तुलनेशिवाय खाणीला दोष देता येत नाही, आणि सोडताही येत नाही.

12.00. विहिरी. "आजी, बाळाचं दूध कुठल्या पाण्यात कालवता?"
"ह्याच विहिरीच्या. पाणी नितळ आहे हो."
नितळपणावर विसंबता येत नाही. लोह पाण्याला रंग आणतं, पण विरघळलेलं मँगनीज डोळ्यांना दिसत नाही. तान्ह्या बाळाचं शरीर ते जास्त शोषतं, बाहेर कमी टाकतं, आणि त्याचा मारा मेंदूवर होतो. भारतीय मानकात लिटरला 0.1 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर 0.3. बाटलीने दूध पिणाऱ्या बाळांचा विचार करून जागतिक आरोग्य संघटनेने 0.08 सुचवलंय. मी घरोघरी 0.08 च धरतो.

3.00. प्रयोगशाळा. माती सावलीत पसरतो, नमुन्यांची नोंद करतो. मग अणुशोषण यंत्राची ज्योत पेटवतो. आधी कोरा नमुना, मग प्रमाणित द्रावणं, मग विहिरींचं पाणी. दर दहा नमुन्यांनंतर एक पुन्हा तपासतो.

6.00. शेताचा अहवाल व्हायला आठवडे लागतील. विहिरींचं तसं नाही. आकडा मर्यादेबाहेर असेल तर त्याच संध्याकाळी त्या घरी फोन करतो: बाळाच्या दुधाला नळाचं पाणी घ्या. उकळून चालेल का, असं हमखास विचारतात. नाही, उकळल्याने मँगनीज जात नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं.