टेन-ट्वेंटीटू : मालकाच्या हाताने घडणारी रायफल

आधी मॅगझीन काढायचं. बोल्ट मागे ओढून नळीत काडतूस राहिलेलं नाही ना, हे डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीने चाचपायचंही. मग नळीभोवतीची पट्टी सैल करून मॅगझीनच्या जागेपुढचा एक स्क्रू काढला की अख्खा लाकडी दस्ता वेगळा होतो. दोन पिना ढकलल्या की चाप आणि घोडा असलेला संच एकसंध खाली उतरतो. उरलेले दोन स्क्रू षटकोनी किल्लीने फिरवले की नळीसुद्धा हातात येते. घरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून, कुणा कारागिराला न बोलावता एवढं सगळं करता येतं. एरवी रायफलीची नळी आट्यांनी घट्ट पिळून बसवलेली असते. ती काढायला शिकंजा लागतो आणि सरावलेला हात लागतो. रूगर टेन-ट्वेंटीटूमध्ये तिला फक्त दोन स्क्रू आणि एक ठोकळा धरून ठेवतात. अमेरिकेत या रायफलीभोवती एवढा मोठा छंद उभा राहिला, त्याचं मूळ मला या दोन स्क्रूंमध्ये दिसतं.

विल्यम रूगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी १९४९ मध्ये कनेक्टिकटमधल्या साउथपोर्टला कंपनी काढली. स्टर्म दोनच वर्षांत गेले. टेन-ट्वेंटीटू बाजारात आली १९६४ मध्ये. तिच्या रचनेत रूगर यांच्यासोबत हॅरी सेफ्रीड यांचा हात होता. नावातले दहा म्हणजे मॅगझीनमधल्या गोळ्या आणि बावीस म्हणजे .२२ चा बोअर. त्या काळी .२२ ची रायफल म्हणजे पोरांना नेम शिकवायला घेतलेली स्वस्तातली वस्तू, असाच समज होता. रूगर यांनी तिला मोठ्या माणसाच्या रायफलीचा बाज दिला. १९६१ मध्ये त्यांनीच काढलेल्या .४४ कार्बाइनची ती धाकटी बहीण शोभते. आजवर सत्तर लाखांहून जास्त रायफली विकल्या गेल्या आहेत आणि मूळची मांडणी अजून तीच आहे.

तिच्या मॅगझीनपाशी थोडं थांबायला हवं. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासूनचं. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि ठिणगी पाडणारा मसाला त्या कडेतच भरलेला असतो. साध्या उभ्या मॅगझीनमध्ये एका काडतुसाची कड दुसऱ्याच्या कडेमागे अडकली की रायफल तिथेच अडते. रूगर यांनी गोळ्या एकीवर एक रचल्याच नाहीत. त्यांच्या मॅगझीनमध्ये जत्रेतल्या आकाशपाळण्यासारखं एक चक्र फिरतं आणि प्रत्येक काडतूस आपापल्या खाचेत बसून वर येतं. कडा एकमेकींना भिडतच नाहीत. शिवाय मॅगझीन आटोपशीर असल्यामुळे दस्त्याच्या बाहेर डोकावत नाही. रायफल मधोमध धरून चाललं तरी हाताला टोचत नाही.

बाकीची यंत्रणा याहून सोपी. दारूचा दाब गोळीला पुढे आणि रिकाम्या पुंगळीला मागे ढकलतो. पुंगळी जड बोल्टला मागे रेटते आणि वाटेत बाहेर फेकली जाते. स्प्रिंग बोल्टला परत पुढे आणते आणि येता येता तो नवं काडतूस नळीत सारतो. बोल्टला कुलूप नाही. त्याचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच सगळं चालतं. चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटते. दुसरीसाठी बोट सैल सोडून तो पुन्हा ओढावा लागतो. या जातीच्या रायफलीने काय करता येतं, हे जगाने फार आधी पाहिलं होतं. १९०७ मध्ये टेक्ससातल्या सॅन अँटोनियोला नेमबाज अ‍ॅड टॉपरवाइन यांनी विंचेस्टरच्या अर्धस्वयंचलित .२२ रायफलींनी हवेत उडवलेल्या लाकडाच्या ७२,५०० ठोकळ्यांवर नेम धरला. चुकले फक्त नऊ.

अमेरिकेच्या कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे रिसीव्हर, ज्यात बोल्ट सरकतो तो अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा. तो दुकानातून विकत घेताना अर्ज आणि पूर्वेतिहासाची तपासणी आलीच. नळी, दस्ता, चापाचा संच हे मात्र टपालाने सरळ घरी येतात. रायफल घरी उघडता येते आणि भाग घरपोच मिळतात, म्हटल्यावर पुढचं आपोआप घडलं. आयोवातल्या कॅरोल गावचं वोल्कार्टसन, टेक्ससातलं किड, असे कारखाने याच रायफलीच्या भागांवर मोठे झाले. जाड, वजनदार नळी लावायची तर दस्त्याची खाच कोरून रुंद करावी लागते. ते काम हौशी मंडळी सँडपेपर घेऊन स्वतः करतात. बोल्ट मागे जाऊन ज्या पोलादी पिनेवर आदळतो, ती काढून प्लास्टिकची घालतात, म्हणजे खणखणाट कमी होतो. सगळ्यात जास्त फरक पडतो तो चापाने. कारखान्यातून येणारा चाप ओढायला जड असतो. चाप जड असला की गोळी सुटण्याच्या क्षणी हात हलतो, म्हणून तो बदलून हलका बसवतात. हे सगळं कायद्यात बसतं. रायफल पूर्ण स्वयंचलित करायला जाणं मात्र तिथे गंभीर गुन्हा आहे आणि या छंदातली जाणती माणसं त्या वाटेला जात नाहीत.

२५ गोळ्यांचं लांबोळं मॅगझीनही मिळतं, खुद्द रूगरचंच. मला ते पटत नाही. दस्त्याखाली ते लोंबतं, पोटावर झोपून नेम धरताना जमिनीला टेकतं आणि गोळ्या उधळायची सवय लावतं. दहा हेच या रायफलीचं माप आहे.

याची परीक्षा बघायची तर प्रोजेक्ट अ‍ॅपलसीडचं शिबिर बघावं. २००६ पासून चालणाऱ्या या उपक्रमात स्वयंसेवक दोन दिवसांत नेमबाजीचा पाया शिकवतात आणि मधल्या वेळात अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध जिथून पेटलं त्या १९ एप्रिल १७७५ च्या लेक्सिंग्टन-काँकर्डची गोष्ट सांगतात. रांगेत टेन-ट्वेंटीटू हमखास दिसतात. निशाण २५ यार्डांवर, पण त्यावरच्या आकृत्या एवढ्या बारीक की शंभर ते चारशे यार्डांवर उभ्या असल्यासारख्या वाटाव्यात. उभ्याने दहा गोळ्या दोन मिनिटांत. बसून दहा ५५ सेकंदांत, त्यातच मॅगझीन बदलायचं. झोपून दहा ६५ सेकंदांत. शेवटच्या दहा सावकाश, पाच मिनिटांत. एकूण गुण २५०. २१० मिळाले की ‘रायफलमन’चा बिल्ला. पट्टा दंडाला आवळून, श्वास सोडून, चाप हळूहळू दाबायचा. घाई करणाऱ्याची गोळी कागदावर लगेच दिसते. अर्धस्वयंचलित रायफल हातात असताना सावकाशी शिकणं, यालाच मी या छंदाचा गाभा म्हणेन.

अमेरिकेत बंदुकांनी किती घरं उद्ध्वस्त केली, हे नजरेआड करून या छंदाविषयी लिहिता येत नाही. इतर देशांनी अशाच आघातांनंतर कायदे बदलले. हंगरफर्डच्या हत्याकांडानंतर ब्रिटनने १९८८ मध्ये मोठ्या काडतुसांच्या अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी घातली, कडेत मसाला असणारी .२२ रिमफायर वगळली. न्यूझीलंडने २०१९ मध्ये तेच केलं आणि .२२ च्या मॅगझीनला दहाची मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये .२२ लाही सूट दिली नाही. शेतकऱ्यांसारख्या मोजक्यांनाच ती मिळते. मला न्यूझीलंडची रेघ योग्य वाटते.

या रायफलीचं काडतूस मात्र आपल्याकडेही ओळखीचं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं, ते याच .२२ लाँग रायफलवर. त्या स्पर्धांतल्या रायफलीत प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते. त्या पातळीवरचे नेमबाज आपली नळी शिकंज्यात बसवून एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडून बघतात, कारण दोन लॉट कधी सारखे पडत नाहीत. टेन-ट्वेंटीटूचा शहाणा मालकही नवी नळी घेण्याआधी हेच करतो. पाच-सहा छापांची एकेक डबी आणतो, ५० यार्डांवर प्रत्येकीच्या पाच-पाच गोळ्या झाडतो, कागदावरची भोकं किती जवळ पडली ते पट्टीने मोजतो आणि जी डबी घट्ट पडली तिच्या लॉटचा आकडा टिपून त्याच लॉटच्या गोळ्या दुकानात असतील तेवढ्या उचलतो.