बाजाराला रोग दिसत नाही, खिसा दिसतो

मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांवरील औषधांचा बाजार येत्या काळात वाढतच जाणार, असे व्यापारी पानांवर वारंवार छापून येते. गुंतवणूकदारांनी ते वाचून खुशाल आनंदी व्हावे. आमचा प्रश्न वेगळा आहे. बाजार वाढला म्हणून औषध वस्तीतल्या रुग्णाच्या हाती पडणार आहे काय?

उत्तरासाठी दोन औषधे समोर ठेवू. पहिले रिसडिप्लाम. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या आनुवंशिक आजारात स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जारज्जूतील पेशी मरत जातात. मूल बसू शकत नाही, पुढे श्वास घेणेही कठीण होते. त्यावरचे हे तोंडाने घ्यायचे औषध रोश या स्विस कंपनीचे. भारतात त्याच्या एका बाटलीची किंमत होती सुमारे ६ लाख रुपये! वीस किलोपेक्षा जास्त वजनाच्या रुग्णाला ती जेमतेम १२ दिवस पुरते.

हैदराबादच्या नॅटको कंपनीने तेच औषध बनवायचे ठरवले, तेव्हा रोशने पेटंटचा हक्क सांगत दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. २४ मार्च २०२५ रोजी एकल न्यायपीठाने अंतरिम मनाई नाकारली. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी खंडपीठाने अपील फेटाळले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. नॅटकोने बाटलीची किंमत जाहीर केली, १५,९०० रुपये.

आता हिशेब करा. दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखाली केंद्र सरकार एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत देते. जुन्या किमतीने या पैशात आठ बाटल्या येत, म्हणजे तीन महिन्यांचे आयुष्य. नव्या किमतीने त्याच पैशात सुमारे दहा वर्षांचे औषध येते. रसायन तेच, रोग तोच. बदलली ती फक्त मक्तेदारी.

ही मक्तेदारी निसर्गाने दिलेली नाही, कायद्याने दिलेली आहे. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या कृतीला पेटंट होते, औषधाला नव्हते. म्हणूनच आपल्या देशात स्वस्त औषधे बनू शकली. खाउजाच्या लाटेत, जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी, १ जानेवारी २००५ पासून औषधालाच पेटंट मिळू लागले. तरीही कायद्यात काही दारे उघडी राहिली. जुन्या ज्ञानाच्या आधारे जाणकाराला सहज सुचेल असा बदल शोध ठरत नाही, हे त्यातले एक. रिसडिप्लाम हा कंपनीच्याच आधीच्या पेटंटातून सहज सुचणारा बदल आहे, हा आक्षेप न्यायालयाला प्रथमदर्शनी दखलपात्र वाटला. हा निकाल अंतरिम मनाईपुरता होता, त्याने पेटंट रद्द झाले नाही, हेही आम्ही स्पष्ट करतो.

संशोधनाला खर्च येतो, हे आम्हाला मान्य आहे. पण किंमत त्या खर्चावर ठरते, हे मान्य नाही. अल्झायमरवरील अॅड्युकानुमॅब २०२१ साली अमेरिकेत वर्षाला ५६,००० डॉलर किमतीने आले. गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्याच वर्षाअखेर कंपनीने किंमत निम्म्यावर आणली. सहा महिन्यांत झालेला खर्च निम्मा झाला होता काय? २०२४ साली कंपनीने ते औषध सोडूनच दिले.

आता दुसरे औषध. फिट येण्यावरचे फेनोबार्बिटोन. ते १९१२ पासून बाजारात आहे. त्यावर पेटंट नाही, किंमत नगण्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. त्यातले जवळजवळ ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. पण गरीब देशांत चारपैकी तिघांना उपचारच मिळत नाहीत. का? ज्यात नफा नाही ते औषध गावोगाव पोहोचवण्यात बाजाराला रस नाही. ते काम सरकारचे. सरकार कमी पडते तिथे भगत आणि देवऋषी दुकान मांडतात, आणि रुग्णाच्या नाकाला चप्पल लावली जाते.

कायद्यानेही या रुग्णांना कमी छळलेले नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या फिट्स हे विवाह रद्द करण्याचे कारण होते. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. १९९९ च्या दुरुस्तीने ते कारण वगळले गेले. कायद्यातून गेलेला कलंक सोयरीक जमवताना आजही डोके वर काढतो, हे आपण सारे जाणतो.

तेव्हा मार्ग दोन आहेत. महागड्या औषधासाठी पेटंट कायद्यातली दारे उघडी ठेवायची आणि ती बंद करणाऱ्या प्रत्येक व्यापार कराराला विरोध करायचा. स्वस्त औषधासाठी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे. फेनोबार्बिटोन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याचा साठा किती, मागच्या वर्षी किती दिवस तो संपलेला होता, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचे ४७ वे कलम सांगते. ते कर्तव्य बाजार पार पाडणार नाही. कार्यकर्त्यांनो, अर्ज आपणच लिहायचा आहे!