कुठलं वडगाव?

जुन्या उताऱ्याची नक्कल मागायला कचेरीत गेलात की खिडकीतला कारकून अर्जावर नजर टाकतो आणि विचारतो, "कुठलं वडगाव?" एकट्या पुण्याच्या आसपास वडगाव बुद्रुक आहे, खुर्द आहे, शेरी आहे, शिवाय मावळातलं वेगळंच. आपण ओशाळून अर्ज दुरुस्त करतो. त्या एका प्रश्नाने आपला हेलपाटा वाचलेला असतो.

एका वकील मित्राच्या ऑफिसात जमिनीच्या नोंदी शोधणारा एआय एजंट बसवताना मला हा कारकून सारखा आठवत होता. एजंट स्वतः कुठल्याही दप्तरात शिरत नाही. आपण त्याला हत्यारं देतो, इंग्रजीत ज्यांना टूल म्हणतात ती. सातबारा काढणारं एक, आठ-अ काढणारं एक, फेरफार दाखवणारं एक. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला, तेव्हापासून ही हत्यारं जोडण्याची एक सामाईक रीतही रूढ झाली आहे. पण हत्याराच्या आतला प्रोग्रॅम एजंटमागच्या मॉडेलला दिसत नाही. त्याच्यासमोर असतं हत्याराचं नाव, भरायचे रकाने आणि आपण लिहिलेलं चार ओळींचं वर्णन. कुठलं हत्यार उचलायचं हे ते त्यावरून ठरवतं.

मी तिन्ही हत्यारांना जवळजवळ एकच वर्णन चिकटवलं होतं: "जमिनीची माहिती देते." मित्राने विचारलं, या पक्षकाराची गावात एकूण जमीन किती? एजंटने आधीच्या बोलण्यात आलेला गट नंबर उचलला, सातबारा काढला आणि एका गटाचं क्षेत्र एकूण जमीन म्हणून सांगून मोकळा झाला. सातबारा हा जमिनीच्या एका तुकड्याचा असतो. एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन आठ-अ वर एकत्र दिसते, आणि तीही त्याच गावापुरती. हे तलाठ्याला झोपेतही माहीत असतं. मॉडेललाही पुस्तकी ज्ञान म्हणून माहीत असावं. पण माझं कुठलं हत्यार कुठल्या नमुन्यात हात घालतं, हे मी न सांगता त्याला कसं कळणार?

दुसरी चूक रकान्यातली. रकान्याचं नाव मी नुसतं 'नंबर' ठेवलं होतं आणि त्यात फक्त आकडा चालेल असं बजावलं होतं. प्रत्यक्षात हिस्से असतात ११२/२/अ असे. रकाना तो घेईना, तेव्हा एजंटने शहाणपणा करून शेपूट छाटलं आणि ११२ शोधला. उतारा आला, नावंही आली, फक्त दुसऱ्याच कुणाची. हत्यार सरळ अडलं असतं तर निदान कळलं तरी असतं.

तिसरी सगळ्यांत महागडी ठरली असती. नावाने शोधताना 'गणपत' ऐवजी 'गणपतराव' टाकलं गेलं आणि रिकामी यादी परत आली. एजंटने अदबीने कळवलं: "यांच्या नावावर जमीन नाही." जुन्या नोंदींत नावाआधी 'ए.कु.मॅ.' असतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. कुठे आडनावच नसतं. न सापडणं आणि नसणं यांत किती अंतर आहे, हे वाटण्यांचे दावे लढवणाऱ्याला विचारा.

मग आठ-अ च्या हत्याराचं वर्णन मी पुन्हा लिहिलं. "एका गावातील एका खातेदाराच्या सर्व गटांची यादी देते. एकाच गटाचे मालक हवे असतील तर हे वापरू नये, सातबाऱ्याचे हत्यार वापरावे. जिल्हा, तालुका आणि गाव तिन्ही आवश्यक. एकाच नावाची गावे असू शकतात, खुर्द की बुद्रुक स्पष्ट नसेल तर वापरणाऱ्याला विचारावे. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये येते. यादी रिकामी आली तर 'या नावाने नोंद सापडली नाही' एवढेच सांगावे. जमीन नाही असा अर्थ काढू नये." बस. याहून लांबवायचा मोह होतो, पण सगळ्या हत्यारांची वर्णनं मॉडेलच्या पुढ्यात एकदमच असतात. पाल्हाळ लावला तर कामाचं वाक्य त्यात बुडतं.

सेवा बंद असेल तर रिकामी यादी न देता तसं सांगायचं, हेही प्रोग्रॅममध्ये घालावं लागलं. तिथे नुसतं वर्णन लिहून भागत नाही.

सातबाऱ्याच्या वर्णनात एक ओळ मागाहून वाढली. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली जिथे योजना राबवली गेली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. मित्राकडच्या जुन्या खरेदीखतांत मात्र सर्व्हे नंबरच असतात आणि एजंट ते बिनदिक्कत गट म्हणून शोधायचा. आता लिहिलंय: "जुना सर्व्हे नंबर असल्यास शोधू नये, एकत्रीकरणाचा तक्ता मागावा." परवा त्याने खरंच मागितला. तक्ता भूमी अभिलेखच्या कचेरीत, कागदावर. मित्राचा ज्युनिअर अर्ज घेऊन गेला आणि तासाभरात परत आला. गावाच्या रकान्यात बुद्रुक लिहायचं राहिलं होतं.