पिल्लांना दांडीवर बसवा, नुकसान टाळा

आमचा धंदा कापडाचा. मालेगावच्या मागावरचे थान घेणे आणि बाहेरगावी पाठवणे, यातच आमची उमर गेली. २०२० च्या टाळेबंदीत माग बंद पडले, उधारी अडकली, आणि घरखर्चाला काही जोड पाहिजे म्हणून त्या हिवाळ्यात गोदामाच्या मागच्या शेडमध्ये आम्ही गिरिराज जातीची ६० पिल्ले आणली. पाच आठवड्यांची, लसी दिलेली, चांगली चपळ पिल्ले होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली तर एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग पडलेला. वरची जिवंत होती, खालची १४ गुदमरून मेलेली. ना मुंगूस आले होते, ना रोग. थंडी वाजली, अंधार झाला, सगळी एकाच कोपऱ्यात घुसली आणि एकमेकांच्या अंगावर चढली. खाद्य-पाण्याचा हिशेब आम्ही नीट केला होता, पण पिल्लांनी रात्री झोपायचे कुठे, हा विचारच केला नव्हता.

कोंबडी मुळात झाडावर झोपणारा पक्षी आहे. तिची मूळ जात म्हणजे लाल रानकोंबडी, ती आजही रात्री फांदीवर बसते. आमच्या गावरान कोंबड्यासुद्धा मगरिबच्या सुमारास लिंबाच्या झाडावर चढत. पिल्ले सुरुवातीला आईच्या पंखाखाली जमिनीवर झोपतात आणि पंख फुटले की तिच्यामागे वर चढतात. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आईच नसते, मग त्याला वर कोण नेणार? ते बल्बच्या उबेला सवयलेले असते. बल्ब गेला की ऊब शोधत कोपरा धरते.

म्हणून दांडी पाहिजे. उर्दूत आम्ही तिला अड्डा म्हणतो. (या शब्दाचा आता भलताच अर्थ झाला आहे, तो सोडा.) आम्ही आधी फुकटचा उपाय केला. तागे गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या आडव्या बांधल्या. आठवड्यात शिट पडून त्या भिजल्या आणि वाकल्या. लोखंडी पाइप थंडीत गार पडतो, शिवाय पाय घसरतो. शेवटी सुताराकडून दोन इंची लाकडी पट्टी आणली आणि तिच्या कडा रंधा मारून गोल केल्या. धारदार कडेवर बसून पक्ष्याच्या तळपायाला गाठी येतात. एका पक्ष्याला सात इंच जागा धरली. ४६ पक्ष्यांना सुमारे २७ फूट, म्हणजे नऊ फुटांच्या तीन दांड्या लागल्या.

दांडी लावली म्हणून पिल्लू चढत नाही, हे पुढे कळले. पहिली दांडी जमिनीपासून फक्त सहा इंचांवर ठेवली. दिवसा पिल्ले खेळत खेळत तिच्यावर उडी मारू लागली. संध्याकाळी मात्र पुन्हा कोपराच. तेव्हा कोपऱ्यांत पत्रा गोल वाकवून लावला, म्हणजे कोपराच राहिला नाही. दिवा एकदम न विझवता हळूहळू मंद करू लागलो. अंधार झाला की बॅटरी घेऊन खाली बसलेले एकेक पिल्लू उचलायचे आणि दांडीवर ठेवायचे. अंधारात कोंबडीला फारसे दिसत नाही, त्यामुळे ठेवले की ते तिथेच बसते. घरच्यांनी चेष्टा केली की शेठ आता कोंबड्यांना अंगाई गातात. पण पाच-सहा रात्रींत धीट पिल्ले आपणहून चढली, त्यांच्यामागे बाकीची. पंधरवड्यात जवळजवळ सगळी वर. मग दांड्या दोन फुटांपर्यंत चढवल्या. तिन्ही एकाच उंचीवर ठेवल्या, कारण वरच्या जागेसाठी भांडण होते आणि खालच्यांवर शिट पडते.

पुढच्या वेळी आम्ही एक दिवसाची पिल्ले घेतली आणि तिसऱ्या आठवड्यातच बुटकी दांडी ठेवली. उचलून बसवायचे काम फारच थोडे पडले. लहानपणी चढायला शिकलेली तलंग पुढे अंडी घालायच्या खोक्यातही नीट जाते, खाली तुसावर अंडी घालत नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हीच मोठी गोष्ट, कारण मळलेल्या अंड्याला गिऱ्हाईक भाव पाडून मागते. एक खबरदारी घ्यावी. खोका दांडीपेक्षा खाली असावा. तो वर असला तर कोंबड्या उंच जागा म्हणून त्यातच झोपतात आणि घाण करतात. मांसाच्या ब्रॉयलरला मात्र उंच दांडी देऊ नये, त्याचे वजन त्याला पेलत नाही.

लाकडाच्या भेगांत लाल माइट नावाचे बारीक किडे दडतात आणि रात्री रक्त पितात. त्यासाठी आमच्या दुकानातलीच वस्तू कामी येते. पांढऱ्या मलमलची चिंधी रात्री दांडीच्या खालून फिरवावी. तिच्यावर लाल डाग उमटले तर दुसऱ्या दिवशी दांडी उतरवून उकळत्या पाण्याने धुवावी आणि भेगा चुन्याने बुजवाव्या. आम्ही दर पंधरा दिवसांनी चिंधी फिरवतो.