नऊ जीचा भार

लढाऊ विमान वेगात असताना झटक्यात वळतं, तेव्हा वैमानिक आसनात दाबला जातो. हा भार गुरुत्वाकर्षणाच्या पटीत, म्हणजे ‘जी’मध्ये मोजतात. एफ-१६ विमान ९ जीपर्यंतचं वळण घेतं. त्या क्षणी ७० किलोच्या वैमानिकाचं शरीर ६३० किलोंइतकं जड होतं. नुसती मान वळवतानाही इजा होऊ शकते.

खरी अडचण रक्ताची. ते पायांकडे ओढलं जातं आणि डोक्यापर्यंत चढवताना हृदयाची ताकद अपुरी पडते. डोळ्यांच्या आत स्वतःचा दाब असल्यामुळे मेंदूच्या आधी दृष्टी जाते: रंग फिके पडतात, कडा काळवंडतात, मग अंधार. वैमानिकासाठी ही पूर्वसूचनाच असते. पण भार फार झपाट्याने वाढला तर तीही मिळत नाही. मेंदूतला प्राणवायू काही सेकंदांत संपतो आणि शुद्ध थेट हरपते.

यावर उपाय म्हणून वैमानिक जी-सूट हा खास पोशाख घालतो. त्यातल्या पिशव्या भार वाढताच हवेने फुगतात आणि पाय, पोट आवळतात. एफ-१६चं आसनही ३० अंश मागे कललेलं असतं, म्हणजे हृदयापासून डोक्याची उंची थोडी घटते. तरी मला सर्वात थोर वाटतात ते वैमानिकाचे स्वतःचे कष्ट. पाय-पोटाचे स्नायू ताठ करायचे, छातीत श्वास कोंडायचा, दर तीनेक सेकंदांनी तो झटकन बदलायचा आणि हे करतानाच शत्रूवर नजर ठेवायची! भारतीय वैमानिक याचा सराव बंगळुरूच्या वायुसेनेच्या वैद्यकीय संस्थेत, गरगर फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये करतात.