मृत्युपत्राशिवाय आणखी एक कागद

आपल्या बडोद्याच्या मराठी मंडळींत मृत्युपत्र करून ठेवणारे आता पुष्कळ आहेत. 'माझे दिवस करू नयेत', 'देहदान करावे' असे त्यातच लिहून अनेकजण निर्धास्त होतात, आणि तिथेच घोळ होतो. मृत्युपत्र कपाटातून निघते ते बहुधा तेराव्यानंतर. तोवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. म्हणून अंत्यविधीविषयीची इच्छा वेगळ्या कागदावर हवी आणि तो पहिल्या तासाभरात कुणाच्या तरी हाती पडायला हवा.

विषय काढला की घरात 'अभद्र बोलू नका' ऐकावे लागते. वास्तविक आपल्याकडे हे नवीन नाही. गंगेचा सीलबंद गडू देवघरात कशासाठी ठेवलेला असे, हे लहान मुलांनासुद्धा ठाऊक होते. जिवंतपणी स्वतःचे श्राद्ध करण्याचा जीवच्छ्राद्ध विधी जुन्या धर्मग्रंथांत आहे. आणि १९६६ साली निवर्तलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दहन विद्युतदाहिनीत व्हावे, नंतरचे दिवस करू नयेत, असे आधीच सांगून ठेवले होते.

पूर्वी दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात कुणी गेले की वाड्यातले जाणते काका बांबू-सुतळीपासून सगळे बघत. आता मुलगा कॅनडात, मुलगी पुण्यात आणि शेजारी गुजराती. शेजारी धावून येतात, पण रीत त्यांची असते. 'बेसणुं कधी ठेवायचं?' हा त्यांचा पहिला प्रश्न. गुरुजी येतात ते शाखा ऋग्वेदी की यजुर्वेदी, गोत्र कोणते, असे विचारतात. सपिंडीला तीन पिढ्यांची नावे लागतात. मग पणजोबांचे नाव विचारायला आत्याला फोन. हे सगळे कागदावर आधी उतरवावे. अस्थी चांदोदला नर्मदेत सोडायच्या की नाशिकला न्यायच्या, हेही. (आपल्यात लिंगायत आहेत, बौद्ध आहेत; त्यांच्या रीती निराळ्या. तेव्हा कोणती रीत, हे स्पष्ट लिहिलेले बरे. कुठलीच नको असेल, तर तसे.)

सर्वांत अवघड प्रश्न परदेशातल्या मुलासाठी थांबण्याचा. शीतपेटी मिळते, एक-दोन दिवस थांबता येते. पण थांबायचे का, हा निर्णय मुलावर टाकू नये. विमानतळावर बसलेल्या मुलाला 'थांबा' म्हणवत नाही आणि 'उरकून घ्या' तर त्याहून म्हणवत नाही. दोन्हीपैकी काहीही तो बोलला तरी ते पुढे आयुष्यभर त्याला टोचते. 'माझ्यासाठी कुणाची वाट पाहू नये' किंवा 'उद्या संध्याकाळपर्यंत थांबावे', जे वाटते ते तुम्हीच लिहा. तसेच अग्नी कोणी द्यायचा तेही. 'माझ्या मुलीने द्यावा' एवढे वाक्य तुमच्या सहीने असले, की एखाद्या चुलत्याचा आक्षेप तिथल्या तिथे मावळतो.

देहदान, नेत्रदान यांचा अर्ज भरला की काम झाले असे नाही. नंतर कळवायचे घरच्यांनीच, आणि त्यांनी नकार दिला तर वैद्यकीय महाविद्यालय आग्रह धरत नाही. म्हणून अर्जापेक्षा घरच्यांशी बोलणे महत्त्वाचे. शवविच्छेदन झाले असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असेल तर देह स्वीकारत नाहीत; तेव्हा 'न स्वीकारल्यास दहन' हेही लिहावे. नेत्रदान साधारण ६ तासांच्या आत व्हावे लागते. तोवर पंखा बंद ठेवावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी. मोतीबिंदू निघालेला असला तरी डोळे चालतात.

शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर नको असेल तर ते याच कागदात लिहून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरीचे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते.

आपल्याकडची एक खास अडचण नावाची. लग्नात बदललेले नाव, माहेरच्या नावाची जुनी विमा पॉलिसी, आणि इथल्या कचेरीत आपोआप चिकटलेले 'बेन' किंवा 'भाई'. आधारवर 'सुमन', दाखल्यावर 'सुमनबेन' अशी गत झाली की बँकेत हेलपाटे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्यासाठी आधारवर आहे तसेच नाव, अक्षर न अक्षर, कागदाच्या वर लिहून ठेवावे.

हा कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नये. औषधांच्या डब्यात ठेवा, एक प्रत मुलांकडे द्या आणि एक शेजारी. शेजाऱ्यांना मराठी वाचता येत नसेल तर पहिले पान गुजरातीत लिहावे.