मेरुनालेतील मेदवृद्धी आणि संप्रेरकांचे असंतुलन

पाठीच्या कण्यातील पोकळीत मज्जारज्जूच्या बाह्य आवरणाभोवती चरबीचा थर निसर्गतःच असतो. तो प्रमाणाबाहेर वाढल्यास मज्जारज्जू व मज्जातंतूंच्या मुळांवर दाब येतो. या विकारास ‘स्पायनल एपिड्यूरल लिपोमॅटोसिस’ म्हणतात. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णात १९७५ साली त्याची प्रथम नोंद झाली, आणि त्यातच त्याचे मर्म आहे. स्टिरॉइड हे अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिसॉलसारखेच कार्य करते. कॉर्टिसॉल वाढले की हातपाय बारीक होतात. मेद चेहरा, मान, पोट व क्वचित मेरुनालेत साचतो. कुशिंग विकारात हेच शरीरांतर्गत घडते. स्थूलपणा हेही एक कारण आहे. अवटू ग्रंथीच्या मंदत्वाशीही संबंध आढळला आहे.

कंबरदुखी, चालताना पाय जड होणे ही लक्षणे सहसा वयाच्या किंवा मणक्याच्या झिजेच्या खाती जमा होतात. क्ष-किरण चित्रात ही चरबी दिसत नाही. एमआरआयमध्ये ती स्पष्ट दिसते. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी आधुनिक वैद्यकाबरोबरच आयुर्वेद व होमिओपॅथीची महाविद्यालयेही संलग्न आहेत. पाठदुखीचा रुग्ण यांपैकी कोणत्याही पदवीधराकडे प्रथम जातो. दमा, संधिवात वा त्वचारोगासाठी रुग्ण दीर्घकाळ कोणती औषधे घेत आहे, ही विचारपूस म्हणूनच प्रत्येकाने करावयास हवी.

मात्र स्टिरॉइड एकाएकी बंद करणे घातक ठरते. सुप्त झालेली अधिवृक्क ग्रंथी त्वरित कार्यरत होत नाही व रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो. मात्रा वैद्यकीय देखरेखीखाली क्रमाने उतरवावी लागते; त्यासोबत वजन घटविल्यास साचलेला मेद पुष्कळदा ओसरतो. पायातील शक्ती किंवा लघवीवरील ताबा जाऊ लागल्यास शस्त्रक्रियेस विलंब लावता येत नाही.